इंग्रजी नाव इटालियन तोंडी: इटलीत नव्याने येणाऱ्यांसाठी, पायरी पायरीने

इटलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात नावांचा गोंधळ सुरू होतो. ऑफिसात 'आन्द्रेआ'कडून ईमेल येतो आणि आपण डिअर मॅडम लिहून मोकळे होतो, आणि तो निघतो पुरुष. टीव्हीवर 'रे कार्लो'ची बातमी लागते आणि हा म्हणजे इंग्लंडचा राजा चार्ल्स हे जरा उशिराच डोक्यात येतं. चर्चमध्ये जाणारे असाल तर सेंट जेम्स कुठेच सापडत नाही कारण इथे तो सान ज्याकोमो. आणि वसईकडचे किंवा गोव्याचे असाल, स्वतःचंच नाव जॉन, मायकल, ॲग्नेस असं असेल, तर मग काउंटरवरचा माणूस ते नाव आपल्या पद्धतीने वाचतो, कधी कधी आपल्या पद्धतीने लिहूनही टाकतो, आणि तिथून पुढे कागदपत्रांची कटकट.

मी इथे नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींना इटालियन शिकवते आणि शिकवायला सुरुवात नेहमी नावांपासून करते. नावं आली की निम्मे उच्चार येतात. आणखी एक, इटालियन नाव शिकताना मध्ये इंग्रजीला आणू नका. बहुतेक जण इंग्रजी स्पेलिंग बघून इंग्रजी उच्चार करतात आणि मग तो 'इटालियन' करायला जातात, त्यात दोनदा चुकतात. देवनागरीतून सरळ इटालियनमध्ये या, खूप सोपं जाईल.

पायरी १: कान आधी, स्पेलिंग नंतर

इटालियनमध्ये आपला घर-मधला 'अ' नाही. जिथे 'ए' अक्षर दिसेल तिथे सरळ 'आ'. म्हणून ॲना नाही, आन्ना. अलेक्झांडर नाही, आलेस्सान्द्रो. आणि शब्दाच्या शेवटचा स्वर खायचा नाही, तो पूर्ण म्हणायचा, कारण बाई की पुरुष ते बऱ्याचदा त्याच्यावरच ठरतं.

ट आणि ड विसरा. जीभ दातांना लावून त आणि द. रोबेर्तो, एदोआर्दो, मार्ता, बेनेदेत्ता. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं रॉबर्टो, एडुआर्डो म्हणतात आणि समोरच्याला ते लगेच परदेशी वाटतं, खरं तर त-द आपल्या तोंडात जन्मापासून आहेत, फक्त वापरायचे आहेत.

च आणि ज च्या बाबतीत तर मराठी माणसाला फार मोठा फायदा आहे. आपल्याकडे च दोन प्रकारचा, चिमणी-चेहरा मधला वेगळा आणि चमचा-चांगला मधला वेगळा. इटालियनमध्ये हे दोन्ही आवाज आहेत. सी अक्षरापुढे ई किंवा आय आलं की चिमणीतला च: चेचील्या (आपली सिसिलिया), फ्रान्चेस्को (फ्रान्सिस), लुचीआ (लूसी). आणि झेड अक्षर म्हणजे बऱ्याचदा चमच्यातला च: लोरेन्त्सो (लॉरेन्स), विन्चेन्त्सो (व्हिन्सेंट). विन्चेन्त्सो मध्ये तर दोन्ही एकामागोमाग येतात, पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. ज चं पण तसंच. जी अक्षरापुढे ई किंवा आय आलं की जिलेबीतला ज. देवनागरीत लिहिताना मी मुद्दाम ज्योवान्नी, ज्याकोमो, ज्यूल्या असं लिहिते कारण नुसतं 'जो' लिहिलं की मराठी माणूस 'जो कोणी' मधला ज म्हणणार. ह्या नावांच्या स्पेलिंगमध्ये जी च्या लगेच पुढे आय अक्षर येतं ते फक्त खूण आहे, त्याचा वेगळा उच्चार करायचा नाही, जि-ओ-वान्नी असं तोडायचं नाही.

एच अक्षर मुकं. स्वतः काही बोलत नाही पण सी किंवा जी च्या मागे बसलं की त्यांना कडक करतं. म्हणजे सी-एच म्हणजे क, जी-एच म्हणजे ग. हे उलटं वाटतं कारण इंग्रजीत सी-एच दिसलं की आपण च म्हणतो. तर क्यारा (क्लेअर), मिकेले (मायकल), राकेले (रेचल), मार्गेरीता (मार्गारेट). मिचेले म्हणालात तर कोणी तुम्हाला हसणार नाही पण मिकेले मागे वळून बघणारही नाही.

जी-एन एकत्र आले तर न्य, म्हणजे आन्येझे (ॲग्नेस), इन्यात्स्यो (इग्नेशियस). जी-एल-आय म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूला टेकवून ल्य, सगळ्यात जवळचं उदाहरण गुल्येल्मो, म्हणजे विल्यम. एस-सी पुढे ई किंवा आय आलं की श, म्हणून आपली प्रिसिला इथे प्रिशील्ला होते.

दोन स्वरांमध्ये अडकलेला एस बऱ्याच ठिकाणी हलक्या झ सारखा ऐकू येतो, ज्युझेप्पे, तेरेझा, एलीझा. दक्षिणेत गेलात तर ज्युसेप्पे ऐकाल. दोन्ही चालतं, तुम्ही ज्या शहरात आहात तिथलं उचला.

राहिली जोडाक्षरं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. टोम्माझो नाही, तोम्माझो, आणि त्यातला म दुप्पट थांबून. इंग्रजीत दोन एम लिहिले तरी उच्चार एकाचाच होतो, इटालियनमध्ये मात्र दोन लिहिले म्हणजे दोन म्हणायचेच. आपल्याला पता आणि पत्ता मधला फरक कोणी शिकवावा लागत नाही, तोच कान इथे लावा. इटालियनमध्ये 'पापा' म्हणजे पोप आणि 'पाप्पा' म्हणजे बाळाचं मऊ जेवण, इतका फरक पडतो. रिक्कार्दो, फिलिप्पो, मात्तेओ, एलिझाबेत्ता, ज्योवान्नी, सगळ्यांत थांबा घ्या.

पायरी २: बदलाच्या रुळलेल्या वाटा ओळखा

इंग्रजी आणि इटालियन नावं एकमेकांची भाषांतरं नाहीत, बहुतेक एकाच लॅटिन, ग्रीक, हिब्रू किंवा जुन्या जर्मन नावातून दोन वेगळ्या वाटांनी आलेली आहेत. म्हणून पाठांतर करत बसण्यापेक्षा वाटा ओळखल्या की अर्धी यादी स्वतःच तयार करता येते.

जे चं होतं ज्य. जॉन ज्योवान्नी, जोसेफ ज्युझेप्पे, जॉर्ज ज्योर्ज्यो (हा जी वाला पण आवाज तोच), ज्युलिया ज्यूल्या, जोशुआ ज्योझुए, जोएल ज्योएले. जेन आणि जोन दोघी ज्योवान्ना, जोन ऑफ आर्क इथे ज्योवान्ना दार्को.

सुरुवातीचा एच गळतो. हेलन एलेना, हेन्री एन्रीको, ह्यू ऊगो, हेक्टर एत्तोरे.

पीएच चा एफ. फिलिप फिलिप्पो, स्टीफन स्तेफानो, सोफिया सोफीआ. टीएच चा नुसता त. थॉमस तोम्माझो, मॅथ्यू मात्तेओ, कॅथरीन कातेरीना, डोरोथी दोरोतेआ.

एक्स टिकत नाही. अलेक्झांडर आलेस्सान्द्रो, आणि झेवियर चक्क साव्हेर्यो. गोव्याच्या वाचकांनी हे लक्षात ठेवा, आपले गोंयचो सायब सेंट फ्रान्सिस झेवियर इटलीत सान फ्रान्चेस्को साव्हेर्यो आहेत आणि 'सेंट झेवियर' म्हणून विचारलंत तर बऱ्याच जणांना कळणार नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात त्यांचा जो संगमरवरी चौथरा आहे तो तोस्कानाचा राज्यकर्ता, मेदिची घराण्यातला तिसरा कोझिमो, ह्याने पाठवलेला, १६९८ मध्ये तिथे उभा केला गेला, आणि घडवणारा शिल्पकार फिरेन्त्सेचा, म्हणजे फ्लॉरेन्स शहराचा, ज्योवान्नी बात्तीस्ता फोज्जीनी. ज्योवान्नी बात्तीस्ता म्हणजे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं नाव, दोन शब्दांचं एक नाव, ते आडनाव वगैरे नाही. असं जोडनाव पटकन म्हणताना ज्याम्बात्तीस्ता पण होतं.

डब्ल्यू चा गु. विल्यम गुल्येल्मो, वॉल्टर ग्वाल्त्येरो. गुल्येल्मो हे नाव नव्यांना सगळ्यात अवघड जातं आणि टाळता येत नाही कारण बोलोन्याच्या विमानतळाचंच नाव गुल्येल्मो मार्कोनी आहे. रेडिओवाले मार्कोनी, १९०९ चं फिजिक्सचं नोबेल, त्यांची आई आयरिश होती, म्हणजे घरात इंग्रजी होतं तरी मुलगा गुल्येल्मोच.

सीटी चा दुहेरी त. व्हिक्टर व्हित्तोर्यो, बेनेडिक्ट बेनेदेत्तो. आणि सीएल, एफएल मधला एल मऊ होऊन य होतो, क्लेअर क्यारा, फ्लॉरेन्स फ्योरेन्त्सा. बाईचं नाव हं, शहर फिरेन्त्से.

काही जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात. जेम्स म्हणजे ज्याकोमो, त्याचाच भाऊ याकोपो. जुन्या करारातला जेकब ज्याकोब्बे. इंग्लंडचा किंग जेम्स पहिला इथल्या इतिहासाच्या पुस्तकात ज्याकोमो पहिला. ह्यांचं मूळ एकच, इंग्रजीत ते दोन नावांत फुटलं म्हणून आपला गोंधळ होतो. रॉजर रुज्जेरो, लुई लुईजी, चार्ल्स कार्लो, जेरोम जिरोलामो, डेनिस दियोनीजी. ग्रेस ग्रात्स्या. डेझी म्हणजे फूल, त्या फुलाला इटालियनमध्ये मार्गेरीता म्हणतात, आणि मार्गारेट पण मार्गेरीता, पिझ्झा पण मार्गेरीता.

काहींना जोडच नाही. केव्हिन, ब्रायन, ॲश्ले, टिफनी. शोधत बसू नका. जेनिफरचं नातं जिनेव्रा ह्या नावाशी आहे, दोन्ही राजा आर्थरच्या राणीच्या नावातून आलेली, आणि जिनेव्रा सध्या इटलीत लहान मुलींमध्ये भरपूर आहे, पण म्हणून कुठल्या जेनिफरला कोणी जिनेव्रा म्हणून हाक मारत नाही. जिनेव्हा शहराला पण इटालियनमध्ये जिनेव्राच म्हणतात, तेवढं ध्यानात असू द्या.

पायरी ३: कधी बदलायचं आणि कधी हात लावायचा नाही

राजे, पोप, संत आणि जुन्या काळातली मोठी माणसं, ह्यांची नावं इटालियनमध्ये बदलतात. एलिझाबेत्ता दुसरी, कार्लो तिसरा, एन्रीको आठवा, रिक्कार्दो क्वोर दी लेओने. थॉमस मोर तोम्माझो मोरो, फ्रान्सिस बेकन फ्रान्चेस्को बाकोने, आडनावासकट. चौदाव्या शतकातला जॉन हॉकवुड नावाचा इंग्रज भाडोत्री सेनापती फिरेन्त्सेसाठी लढला, त्याला इथे ज्योवान्नी आकूतो म्हणतात, कॅथेड्रलच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोने १४३६ मध्ये काढलेलं त्याचं घोड्यावरचं मोठं चित्र आहे, गेलात तर डावीकडच्या भिंतीवर नक्की बघा.

उलटाही प्रवास झालाय. १४९७ मध्ये ब्रिस्टलहून जहाज घेऊन निघालेला जॉन कॅबट हा मुळात ज्योवान्नी काबोतो. आणि आपल्या जवळचं म्हणाल तर ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, जेझुइट झाले ते रोममध्ये, १५७९ ला गोव्यात आले, पोर्तुगीज लोक त्यांना तोमाश इश्तेव्हाँव म्हणायचे. त्या काळात माणूस देश बदलला की नाव पण तिथल्या भाषेत जायचं, त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं.

आता तसं नाही. जिवंत, साध्या माणसाचं नाव कोणी बदलत नाही. त्याच राजघराण्यात बघा ना, बाप कार्लो पण मुलगे विल्यम आणि हॅरीच, गुल्येल्मो आणि एन्रीको नाहीत. तेव्हा तुमच्या ब्रिटिश सहकाऱ्याला, स्टीफनला, प्रेमाने पण स्तेफानो म्हणू नका, त्याने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि तुमचं नाव पीटर असेल आणि शेजारची आजी प्येत्रो म्हणून हाक मारायला लागली तर तो आपलेपणा आहे, घ्या तो.

मधल्या काळात, १९३९ च्या कायद्याने, इटालियन मुलांना परदेशी नाव ठेवायलाच बंदी होती. ती उठली आणि मग सिनेमा, टीव्हीमधून इंग्रजी नावं भरपूर आली, पण लिहिताना लोकांनी कानाने ऐकलं तसं लिहिलं. म्हणून इथे मायकल हे नाव इटालियन स्पेलिंगने एम-ए-आय-सी-ओ-एल असंही सापडतं, आणि जेसिका जी ने सुरू होणारी. ती चुकीची स्पेलिंग नाहीत, त्या माणसाचं कायदेशीर नाव तेच आहे, दुरुस्त करायला जाऊ नका. सामान्था मात्र टीएच सकट लिहितात, अंतराळवीर सामान्था क्रिस्तोफोरेत्ती, २०२२ मध्ये अंतराळ स्थानकाची कमांडर झालेली, तिच्यामुळे हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, उच्चार अर्थात सामान्ता. वॉल्टर लिहितात डब्ल्यूने आणि म्हणतात व्हाल्तेर.

पायरी ४: जोर कुठे द्यायचा

बहुतेक नावांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर. रोबेर्तो मध्ये बेर्, फ्रान्चेस्का मध्ये चेस्, मिकेले मध्ये के. पण काही नेहमीच्या नावांत आणखी एक अक्षर मागे जातो आणि तिथेच नवे लोक पकडले जातात. स्तेफानो मध्ये जोर स्ते वर, दाविदे मध्ये दा वर, ज्याकोमो मध्ये ज्या वर, चेझारे मध्ये चे वर, मोनिका मध्ये मो वर. इंग्रजीतून आलेली मुलं स्तेफाऽनो म्हणतात. नको. लुचीआ, मारीआ, सोफीआ मध्ये मात्र जोर ई वर, लूशिया असं नाही. आणि निक्कोलो, ज्योझुए अशा नावांच्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिसली की जोर शेवटी. ती रेघ लिहिताना पण गाळू नका.

आलीचे आणि बेआत्रीचे ही खास. स्पेलिंग हुबेहूब इंग्रजी ॲलिस आणि बिअॅट्रिसचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही, पण उच्चार पूर्ण वेगळा, जोर ली आणि त्री वर. ऑफिसात ॲलिस नावाची इटालियन मुलगी असेल तर ती आलीचे आहे, इंग्लंडहून आलेली असेल तर ॲलिस, विचारून घ्या.

पायरी ५: आ-कारान्त पुरुष

आन्द्रेआ, लूका, निकोला, मात्तीआ, एलीआ. हे सगळे पुरुष. सिमोने, मिकेले, गाब्रिएले, दानिएले हे पण पुरुष. इंग्रजीत आन्द्रेआ आणि निकोला बायकांची नावं, सिमोन आणि मिशेल पण बायकांची, त्यामुळे इंग्रजीतून बघणारा दर वेळी चुकतो. स्त्रीरूपं आहेत सिमोना, मिकेला, गाब्रिएला, दानिएला. आन्द्रेआ हे नाव मुलीला ठेवता येतं की नाही ह्यावर तर कोर्टापर्यंत वाद गेला होता आणि २०१२ मध्ये कास्सात्स्योने ह्या सर्वोच्च अपील कोर्टाने ठेवता येईल असं म्हटलं. तरी आजही दहा आन्द्रेआ भेटले तर ते पुरुष धरूनच चाला.

ह्याची दुसरी बाजू आपल्या पोरांना भोगावी लागते. बाकी कुठलंही नाव आ ने संपलं की इटालियन माणूस ते बाईचं धरतो. आदित्य, कृष्ण, सिद्धार्थ ह्यातली जी इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए वर संपतात ती नावं दिसली की पत्र 'जेन्तीले सिन्योरा', म्हणजे डिअर मॅडम, असं येतं. ईमेलच्या सहीत नावाआधी 'सिग.' म्हणजे सिन्योर घालायला लागा, निम्मा प्रश्न मिटतो.

पायरी ६: कागदपत्रं, इथे नीट लक्ष द्या

पासपोर्टवर जे आहे तेच, तेवढंच आणि त्याच स्पेलिंगने. बोलण्यात तुम्ही ज्योवान्नी असलात तरी फॉर्मवर जॉन. फॉर्मवर 'नोमे' म्हणजे स्वतःचं नाव आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव, आणि सरकारी यादीत बऱ्याचदा कोन्योमे आधी येतं.

कारण सांगते. इटलीत प्रत्येकाला कोदीचे फिस्काले नावाचा १६ अक्षर-आकड्यांचा कोड मिळतो. भाडेकरार, बँक, मोबाइलचं सिम, डॉक्टर, सगळीकडे तो लागतो. आणि तो कोड नावातूनच तयार होतो. आडनावातली तीन व्यंजनं, मग नावातली तीन व्यंजनं, मग जन्मवर्षाचे शेवटचे दोन आकडे, महिन्याचं अक्षर, तारीख, जन्मस्थळाचा कोड आणि शेवटी तपासणीचं अक्षर. नावात चार किंवा जास्त व्यंजनं असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात, दुसरं सोडतात.

आता करून बघू. जॉन मध्ये व्यंजनं जे, एच, एन. कोड जे-एच-एन. कोणी चुकून ज्योवान्नी लिहिलं तर व्यंजनं जी, व्ही, एन, एन, म्हणजे कोड जी-एन-एन. झाला वेगळा माणूस. गंमत म्हणजे थॉमस आणि तोम्माझो दोघांचा कोड टी-एम-एस, मायकल आणि मिकेले दोघांचा एम-एच-एल, म्हणजे तिथे कोडवरून चूक पकडताच येणार नाही, नावच वाचून बघायला हवं.

महाराष्ट्रातल्या लोकांसाठी ह्याहून महत्त्वाचं पुढे आहे. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेम मध्ये बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पण असतं. अमित सुरेश पाटील, त्यात गिव्हन नेम 'अमित सुरेश'. इटालियन माणसाला सुरेश हे वडील आहेत हे कळायचं काही कारण नाही, त्याच्या दृष्टीने ते तुमचं दुसरं नाव, जसं त्यांच्याकडे मारीआ ग्रात्स्या. कोड काढताना दोन्ही मिळून व्यंजनं धरतात: एम, टी, एस, आर, एस, एच. पहिलं, तिसरं, चौथं, म्हणजे एम-एस-आर. आणि नुसतं अमित धरलं तर व्यंजनं दोनच, एम आणि टी, म्हणून तिसरी जागा भरायला पहिला स्वर घेतात, एम-टी-ए. म्हणजे युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर नुसतं अमित आणि रेसिडेन्स परमिटच्या अर्जावर अमित सुरेश असं भरलं तर दोन वेगळे कोड तयार होऊ शकतात आणि मग ते जुळवायला आजेन्त्सीआ देल्ले एन्त्राते, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, खिडकीवर जावं लागतं. पहिल्या फॉर्मपासून पासपोर्टप्रमाणे पूर्ण भरा, जागा अपुरी वाटली तरी वडिलांचं नाव गाळू नका.

तारखेत पण एक खाच आहे. बायकांच्या जन्मतारखेत ४० मिळवतात. १५ तारखेला जन्मलेल्या मुलीच्या कोडमध्ये ५५ येतं. म्हणजे वर सांगितलं तसं आदित्यला कोणी बाई धरून नोंद केली तर त्याच्या कोडमध्ये १५ ऐवजी ५५ दिसेल. कार्ड हातात आल्यावर तिथल्या तिथे हे दोन आकडे बघा. भारतात जन्मलेल्यांच्या कोडमध्ये जन्मस्थळाच्या जागी झेड-२२२ असतं, तेही बघून घ्या.

पायरी ७: फोनवर स्पेलिंग सांगणं

इटालियन वर्णमाला २१ अक्षरांची. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही परदेशी अक्षरं आणि नेमकी तीच इंग्रजी आणि मराठी नावांत जास्त. त्यांची नावं आधी पाठ करा: जे म्हणजे ई लुंगा, के काप्पा, डब्ल्यू दोप्प्या वू, एक्स इक्स, वाय इप्सिलोन, आणि एच आक्का.

स्पेलिंग सांगताना अक्षराचं इटालियन नाव, मग 'कोमे' म्हणजे 'जसं', आणि मग एखाद्या शहराचं नाव घेतात. आ कोमे आन्कोना, बी कोमे बोलोन्या, ची कोमे कोमो, दी कोमे दोमोदोस्सोला, ए कोमे एम्पोली, एफ्फे कोमे फिरेन्त्से, जी कोमे जेनोवा, ई कोमे ईमोला, एल्ले कोमे लिवोर्नो, एम्मे कोमे मिलानो, एन्ने कोमे नापोली, ओ कोमे ओत्रान्तो, पी कोमे पालेर्मो, एर्रे कोमे रोमा, एस्से कोमे सावोना, ती कोमे तोरीनो, ऊ कोमे ऊदिने, वू कोमे वेनेत्स्या. म्हणजे जॉन असं सांगायचं: ई लुंगा, ओ कोमे ओत्रान्तो, आक्का, एन्ने कोमे नापोली. इंग्रजी पद्धतीने ए-बी-सी-डी म्हणालात तर इंग्रजीतलं 'ई' म्हणजे त्यांचं आय आणि इंग्रजीतलं 'ए' म्हणजे त्यांचं ई, सगळं उलटंपालटं होतं.

तुमचं नाव कोणी वाचून दाखवलं आणि विचित्र ऐकू आलं तर त्यात अपमान काही नाही, तो त्याच्या नियमाने वाचतोय. सचिन चा साकीन, चित्रा ची कित्रा, गीता ची जीता, हेमंत चा एमान्त, नेहा ची नेआ, राहुल चा तर राऊल, जे त्यांच्या ओळखीचं नाव आहे. इंग्रजी नावांतही तेच, शेरिल ची केरील. शांतपणे एकदा नीट म्हणून दाखवा, हवं तर 'सी-आय ने लिहिलं असतं तसा च' असं समजावून सांगा, म्हणजे चित्रा साठी सी पुढे आय. त्यांना ते लगेच कळतं. तुम्हाला त्यांचं नाव कळलं नाही तर विचारा 'कोमे सी स्क्रीवे', म्हणजे कसं लिहितात, किंवा 'कोमे सी प्रोनून्च्या'. दोन्ही प्रश्न विचारलेले आवडतात.

पायरी ८: हाकेची नावं

इंग्रजीत नाव छोटं करताना पुढचं ठेवून मागचं टाकतात, अलेक्झांडर चा ॲलेक्स. इटालियनची जुनी सवय उलटी, मागचं ठेवायचं. आलेस्सान्द्रो चा सान्द्रो, विन्चेन्त्सो चा एन्त्सो, लोरेन्त्सो चा रेन्त्सो, मार्गेरीता ची रीता, ज्युझेप्पीना ची पीना. तरुण मंडळी आता पुढचं ठेवतात, आले, फ्रा, व्हाले. ज्योवान्नी चा ज्यान्नी, लुईजी चा जीजी, फिलिप्पो चा पिप्पो, ज्युझेप्पे चा बेप्पे आणि दक्षिणेत पेप्पे. फ्रान्चेस्को चा केक्को किंवा फ्रान्को. नापोली-रोमकडे हाक मारताना जोराच्या अक्षरावरच नाव तोडतात, आन्तो!, ज्योवा!, मारी! मला ही हाक फार आवडते, आपल्याकडच्या लांबून दिलेल्या हाकेसारखी थेट पोचते.

ही नावं ऐकून ईमेलमध्ये वापरू नका. समोरच्याने स्वतः तशी सही केली की मग खुशाल.

पायरी ९: नावाचा दिवस

वाढदिवसाशिवाय इथे ओनोमास्तिको असतो, ज्या संताचं नाव त्याचा सण. दक्षिणेत जास्त पाळतात. ज्युझेप्पे १९ मार्च, त्याच दिवशी इटलीत फादर्स डे. मार्को २५ एप्रिल, आन्तोन्यो १३ जून, ज्योवान्नी २४ जून, प्येत्रो आणि पाओलो २९ जून, तोम्माझो ३ जुलै, ज्याकोमो २५ जुलै, आन्ना २६ जुलै, मिकेले, गाब्रिएले, राफ्फाएले तिघं २९ सप्टेंबर, फ्रान्चेस्को ४ ऑक्टोबर, आन्द्रेआ ३० नोव्हेंबर, साव्हेर्यो ३ डिसेंबर म्हणजे गोव्याचं फेस्त ज्या दिवशी तोच, लुचीआ १३ डिसेंबर, स्तेफानो २६ डिसेंबर. संताच्या नावाआधी सान लागतं, स्वर आला तर सान्त जोडून, म्हणजे सान्तान्द्रेआ, आणि एस-टी सारखं जोडाक्षर आलं तर सान्तो स्तेफानो. बाई असेल तर सान्ता लुचीआ, सान्तान्ना.

हे दिवस मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या दिवशी भेटल्यावर 'आउगूरी, ब्वोन ओनोमास्तिको' एवढंच म्हणायचं, आणि नावातल्या दुहेरी अक्षरावर थांबून नाव घ्यायचं.